सोनाबाईचं रक्त

तामसी गावची सोनाबाई भाजीपाला पिकवणारी. वांगी तोडताना पायात काटा मोडला, पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि तिला आदिलाबादच्या दवाखान्यात भरती केलं. तिथं वल्लरीनं तिचं रक्त घेतलं.

वल्लरी संशोधन करत होती. जंतूंचा संसर्ग झाला की पांढऱ्या पेशींच्या पडद्यातले बारीक मार्ग उघडतात, आतलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि सूज वाढत जाते. ते मार्ग औषधानं बंद करता येतील का, हे तिला पाहायचं होतं. हे सगळं रोग्याला समजावून मगच संमती घ्यायची असते. पण त्या दिवशी आठ जणांचं रक्त घ्यायचं होतं. "तपासणी आहे, मावशी," एवढंच म्हणून तिनं संमतीच्या कागदावर अंगठा घेतला.

तीन आठवड्यांनी सोनाबाई लंगडत वल्लरीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. सकाळच्या बसनं आली होती. दवाखान्यात रिपोर्ट मागितला, तर कुणाला काहीच ठाऊक नव्हतं.

"रक्तात काई वंगाळ निंगालं म्हणून तुमी सांगून नाई राह्यल्या, असं वाटलं," ती म्हणाली. "तवापासून नातीला जवळ घेतलं नाई मी."

सगळं ठीक आहे, एवढं सांगून तिला परत पाठवता आलं असतं. वल्लरीच्या ओठांवर ते आलंही. पण तिनं सोनाबाईला खुर्चीवर बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. रक्त संशोधनासाठी घेतलं होतं. त्यात रोग शोधलाच नव्हता, म्हणून लपवण्यासारखंही काही नव्हतं; नातीला खुशाल जवळ घ्या. बोलताना तिला मान वर करवेना.

सोनाबाई खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, "तवाच सांगतलं असतं, त मी काऊन नाई म्हटलं असतं?"

दुपारी वल्लरीनं तिचे मार्गदर्शक शरदचंद्र सरांना सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, पण आठही नमुने बाजूला काढायला लावले आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगायला पाठवलं. सात जणांनी ऐकून घेऊन पुन्हा अंगठा दिला.

सोनाबाईनंही सारं ऐकलं, चहा दिला, पण आता रक्त वापरू नका म्हणाली. औषधाचा सगळ्यात चांगला परिणाम तिच्याच पेशींवर दिसला होता. वल्लरीनं तो आकडा खोडला. बाकीच्या सातांचं काम पुढं छापून आलं, सगळ्यांनी कौतुक केलं. सोनाबाईचा तो प्रश्न आठवून वल्लरी मात्र ते घरी कुणाला दाखवू शकली नाही.