पातेल्यातला चेहरा

ओस्मुंड गाव सोडून बर्गेन शहरात लेकीच्या, बोर्गनीच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आला, त्याला दोन वर्षं झाली होती. गावी दर नाताळाची बिअर तो घरीच बनवायचा. दोन्ही नाताळांत त्याने दुकानातली बिअर प्यायली आणि दर घोटाला असं तोंड केलं, की बोर्गनीला वाटावं, ती बेचव बिअर जणू आपणच बनवली. या वर्षी तिने भलंमोठं स्टीलचं पातेलं, माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पोतं आणि पाण्याला वास लावायला ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या.

"स्वयंपाकघरात? आणि लाकडी पिंप कुठाय?"

"पाणी यातच तापवायचं, माल्टही यातच भिजत ठेवायचा. लोक करतात, बाबा."

"लोक काय, काहीही करतात." पण त्याने बाह्या सरसावल्या. "बिघडली तर हे शेवटचं. आजोबांपासून जपलेलं खमीर सरळ मोरीत ओतीन."

तो हे गमतीत म्हणत नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

फांद्यांचं पाणी उकळलं. वाफेने भिंतींचा कागद सुटू नये म्हणून बोर्गनीने शेगडीवरचा पंखा लावला होता. म्हाताऱ्याने आच बंद केली आणि पातेल्यावर वाकला.

"थर्मामीटर देऊ?"

"तो मटणात खुपस."

साठ वर्षं त्याचा एकच हिशेब होता: वाफ विरून पाण्यात आपला चेहरा दिसला, की माल्ट घालायचा. गावी तोवर एक पाइप ओढून व्हायचा. इथे चेहरा लगेच दिसला.

"शहरात सगळ्यालाच घाई," असं म्हणत त्याने माल्ट ओतला, ढवळला, झाकण ठेवलं आणि पातेलं तान्ह्या बाळासारखं दुलईत गुंडाळून टेकायला खुर्चीकडे वळला.

त्याची पाठ वळताच बोर्गनीने झाकण किलकिलं करून थर्मामीटर बुडवला. एक्क्याऐंशी अंश! सदुसष्टच्या आसपास हवं होतं. एवढ्या उष्णतेत माल्ट मरतो, गोडी सुटत नाही, नुसती पेज उरते.

"किती?" तो वळून न बघताच म्हणाला.

थाप मारावी असं तिला फार वाटलं. "एक्क्याऐंशी."

त्याने सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. म्हणाला, "डोळे गेले म्हणायचे. ओतून टाक, पोरी."

एवढ्या हळू आवाजात तो कधी बोलत नसे. बोर्गनीला रडू यायला लागलं, म्हणून तिने वर पाहिलं. वर पंखा घरघरत होता, आणि झाकणाच्या फटीतून निघणारी वाफ सगळीच्या सगळी गिळत होता.

"बाबा! डोळे नाहीत गेले तुझे. पाणी निवून वाफ विरली नव्हती, ती या मेल्याने ओढून नेली. आणि लावला कुणी? मी!"

तो उठला, पंख्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "गाढव."

"मी की पंखा?"

"दोघं. बंद कर आधी! आणि गॅलरीतला बर्फ आण. वरचा, स्वच्छ. धाव!"

ती पायमोज्यांनीच धावली. एक घमेलंभर बर्फ पातेल्यात गेला, वरून गोडी सोडवायला पोत्यात उरलेला ओंजळभर जिवंत माल्ट. तो ढवळत होता, ती आकडे ओरडत होती. त्र्याहत्तर. सत्तर. सदुसष्ट!

"थांब," तो म्हणाला. तिच्या यंत्राचं त्याने ऐकलं, पण तसं तोंडाने कबूल न करता झाकण लावून दुलई पुन्हा गुंडाळली.

तासाभराने त्याने दुलई सोडली, डावभर रस काढून चाखला, आणि पुन्हा चाखला. चेहऱ्यावरून काहीच कळेना. मग डाव तिच्यापुढे धरला.

"गोड आहे," ती आशेने म्हणाली.

"गोड काय, साखरही असते. ओठ मिट, आणि आता बोल. चिकटले तर जमली."

तिने ओठ मिटले. उघडताना ते एकमेकांना चिकटून राहिले.

"खमीर आण," ओस्मुंड म्हणाला, "जागं व्हायला उबेत ठेवू." आणि पुढच्या कामाला लागला.