पुलाखालचे दहा सेकंद

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हैदराबादच्या एका रेडिओ केंद्रात, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर राहतो. मित्रांनो, माझा आवाज आता घोगरा झाला आहे. कान मात्र शाबूत आहेत.

कारखान्यातून आलो तो थेट वार्ताहर मुकुंदरावांच्या खांद्यावर. नारायणगुडा, तारनाका, अंबरपेठ, सगळं त्यांच्या स्कूटरवर पाहिलं. त्यांचा एक नेम होता. कुठेही गेले, की स्वतः बोलण्याआधी तिथला नुसता आवाज दहा सेकंद माझ्यात भरायचे. "जागेला आधी बोलू द्यावं," म्हणायचे. अंबरपेठच्या नाल्यावरच्या पुलाखाली एक दगडी पायरी होती. पाणी तिच्यावरून धबधब पडायचं. तो आवाज मला पाठ झाला. संध्याकाळी सहाच्या स्थानिक बातम्यांत लोक तो ऐकायचे. नाल्याकाठच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मालनबाई तर पावसाळ्यात म्हणायच्या, "रेडिओनं सांगितलं तरच आम्ही घर सोडू."

मग रेडिओ केंद्राच्या पुनर्रचनेची वर्षं आली. वार्ताहर कमी झाले. बातम्या फोनवरच घ्यायच्या, असा हुकूम निघाला. नवे केंद्रप्रमुख नरहरराव हसून म्हणाले, "मुकुंदराव, पूल काय पळून जातोय? फोन लावा!" मी कपाटात गेलो.

त्या भाद्रपदात तीन दिवस पावसाने खळ घेतली नाही. चौथ्या दिवशी दुपारी तो थांबला. कुठल्याशा कार्यालयातून फोनवर उत्तर आलं, "नाला नेहमीसारखाच आहे." सहा वाजता तेच प्रसारित झालं. मुकुंदरावांनी ते ऐकलं, उठून कपाट उघडलं, माझ्यात नव्या बॅटऱ्या घातल्या आणि पुलाची एक जुनी कॅसेट खिशात टाकली.

पुलावर त्यांनी मला सुरू केलं. दहा सेकंद. मित्रांनो, पायरीचा आवाजच नव्हता. पाणी पायरी गिळून गुपचूप वर चढत होतं.

मुकुंदराव गल्लीत धावले. मालनबाई दारात मिरच्या निवडत होत्या, शेजारी रेडिओ चालू.

"मालनबाई, उठा. सगळ्यांना बाहेर काढा."

"नक्को परेशान करू, साहेब! आत्ताच रेडिओनं ठीक म्हटलं. रेडिओ खरा की तुम्ही?"

मुकुंदरावांनी जुनी कॅसेट माझ्यात लावली. पायरीवरचं पाणी धबधबलं. मग मला बंद केलं. "आता नाला ऐका."

मालनबाईंच्या हातातली मिरची हातातच राहिली. उशाशी असलेला आवाज कधी गेला, ते त्यांना कळलंच नव्हतं. "बाई गं!" एवढंच बोलल्या, आणि ताट वाजवत गल्लीभर फिरल्या.

दिवेलागणीला गल्ली रिकामी झाली. तासाभरात पाणी खिडक्यांना लागलं. माणसं वाचली. मालनबाईंचा रेडिओ वाहून गेला. दुसरा त्यांनी घेतला नाही.

माझं कौतुक झालं. नरहररावांनी स्वतःच्या रुमालानं मला पुसलं. मुकुंदराव पुन्हा रोज बाहेर पडू लागले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. माझ्या बॅटऱ्या काढायचंही कुणाला सुचलं नाही. त्या आता माझ्या पोटात पाझरत आहेत.

मित्रांनो, माझी धूळ झटका असं मी म्हणत नाही. यंत्रं पुष्कळ मिळतील. पुलापर्यंत जाणारं माणूस तेवढं सांभाळा.

आज सकाळपासून खिडकीवर पाऊस वाजतो आहे. पलीकडच्या खोलीत कुणीतरी फोनवर विचारतं आहे, "नाला नेहमीसारखाच आहे ना?"