हात काढल्यावर

तिने कंगव्याच्या दांड्याने तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याचे दोन वेढे किंचित जवळ ढकलले, उठून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि विचारलं,

"आता?"

"खरखर," खालच्या स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

सकाळपासून हेच चाललं होतं. वरच्या खोलीत बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल, त्यावर त्यांनी हौसेने जोडलेला काडेपेटीएवढा ट्रान्समीटर. खाली फडताळात आईचा रेडिओ, त्याच्या पट्टीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. काटा तिथे आणला की बाबांचं स्टेशन लागायचं. श्रोता एकच. काम करता करता बाबा आईसाठी गाणी लावायचे, गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. सुरुवात ठरलेली असायची, "सरकार, ऐकताय ना?"

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. आई मात्र रेडिओ बंद करू देत नव्हती. काटा ठिपक्यावर आणि दिवसभर नुसती खरखर. मुलीला ती ऐकवत नव्हती. संध्याकाळी तिला आपल्या घरी परतायचं होतं आणि आईला त्या खरखरीच्या हवाली करून जायला तिचा पाय निघत नव्हता. निदान बाबांची आवडती गाणी तरी वाजत राहावीत, म्हणून आपला जुना फोन वायरने ट्रान्समीटरला जोडून हा खटाटोप.

पण टेबलापाशी बसून विचारलं की आई म्हणे, "लागलं." उठून विचारलं की, "खरखर." हात जवळ असेपर्यंतच स्टेशन ठिपक्यावर राही, हात काढला की सरके. बाबांनी सगळं हात तिथे ठेवूनच जुळवलं होतं. घड्याळाला सेकंदभर चुकू न देणारा माणूस, आणि इथे हा ढिसाळपणा. तिला हसू आलं, मग रडूच आलं.

शेवटी तिने वेढे आणखी दाबले, ट्रान्समीटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून झाकण लावलं आणि लांब जाऊन उभी राहिली. खालून गाणं स्वच्छ ऐकू येत राहिलं. ती धावतच खाली गेली.

आई ओट्याला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"आता नाही सरकायचं," मुलगी म्हणाली. "मी गेल्यावरही वाजत राहील."

"छान झालं गं." आईने कोरडेच हात पुन्हा पुसले. "पण मग मला कळणार कसं?"

"काय?"

"हे उठले की खरखर व्हायची. अकरा पायऱ्या. ते उतरेपर्यंत मी चहाचं आधण ठेवायचे. एकदा म्हटलं, नीट करून टाका की ते. तर म्हणाले, मग मी येतोय हे तुला कळायचं कसं?"

गाणं चालूच होतं. आईने आवाज बारीक केला.

"खरखर ऐकली की वाटतं, उठलेत. जिन्यात असतील."

मुलगी वर गेली. तिने ट्रान्समीटर डब्यातून काढला, दाबलेले वेढे होते तसे मोकळे केले. फोनची वायर काढून बाबांचा छोटा माईक जोडला आणि हात जवळ धरला.

"सरकार, ऐकताय ना?"

मग तिने हात काढला आणि उठली.

आठव्या पायरीवर असताना खाली भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. उरलेल्या तीन पायऱ्या ती थांबत थांबत उतरली.