कळसूबाई कुणी हलवली?

"या घरात एक डोंगर म्हणून जागेवर राहत नाही!"

मास्तर आरशाकडे बघत पुटपुटत होते. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. मी गरम पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी, म्हणून ऐकू आलं. कळसूबाई सातारा जिल्ह्यात, असं ते म्हणाले होते. मी म्हटलं होतं, "अहो, नगर." बस्स, एवढंच. तेवढ्यावरून साबण वाळेपर्यंत धुसफूस.

"काल नगर होतं का?"

"कालही होतं, परवाही होतं. कळसूबाई कुठं जाणार उठून?"

"तूच हलवतेस," म्हणाले, आणि हनुवटीला कापून घेतलं.

त्यांचं एक भाषण होतं, 'तुम्हांला माहीत नसलेला महाराष्ट्र'. बोईसर-पालघरकडच्या शाळांत, कारखान्यांच्या वसाहतींत, गणपतीत, शारदोत्सवात, वर्षानुवर्षं दिलेलं. कमलाकांत मास्तर मच्छीमाराच्या घरातले. वडिलांनी होडी धाकट्याला, दादूला दिली आणि यांच्या हातात पाटी. त्यामुळे असेल, जे शिकले ते वाटल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. माझं शिक्षण चौथी. बाकीची शाळा मी या भाषणाच्या पहिल्या रांगेत बसून केली. पाण्याचा पेला माझ्याकडे असायचा. पेला कधी द्यायचा हे कळायला भाषण पाठ व्हावंच लागतं, तसं ते झालं.

लोणारचं तळं उल्केच्या दणक्यानं झालं, आणि समुद्रापासून इतक्या लांब असून त्याचं पाणी खारट. वारल्यांच्या लग्नात पौरोहित्य बाई करते, तिला धवलेरी म्हणतात. इथं बायका टाळ्या वाजवायच्या आणि नवरे छताकडे बघायचे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून आपला समुद्र शंभर किलोमीटरही नाही. पण ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि अख्खा देश ओलांडून पलीकडच्या समुद्राला जाऊन मिळते. मग उंबरगाव तालुका. आमच्या ठाणे जिल्ह्यातला, साठ साली राज्य झालं त्या दिवशी गुजरातेत गेला. "माझ्या बायकोचं माहेर तिथलं," मास्तर म्हणायचे. "विहीर तिथंच, माड तिथंच, सासरा ओट्यावर तिथंच बसलेला. फक्त सकाळी उठला तो परराज्यात! तेव्हापासून ही रुसली की मी सांगतो, जा खुशाल, पण आता परदेशगमन आहे." लोक हसून लोटपोट. मीही हसायची. शेजारची माझ्याकडे बघत असते म्हटल्यावर हसावं लागतं.

पंच्याऐंशी साली राज्याला पंचवीस वर्षं होणार होती. मास्तर नुकतेच निवृत्त झाले होते. बोईसरच्या वाचनालयाचा प्रताप, हा त्यांचाच विद्यार्थी, आता कारखान्यात सुपरवायझर, सायकल लावून आत आला आणि म्हणाला, "सर, एक मेला तुमचंच भाषण. दुसरं नाव चर्चेलासुद्धा आलं नाही."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलवेना. प्रताप निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले.

"प्रताप, जरा घोटाळे होतायत रे त्यांचे."

"कसले, बाई?"

"माहितीचे. एकाचं दुसऱ्यात जातं."

तो सायकलची घंटी उगीच पुसायला लागला. त्यालाही दिसलं होतं, मला कळलं. आत बसल्या बसल्या मास्तरांनी त्याला दोनदा विचारलं होतं, लग्न झालं का. त्याची दोन मुलं ह्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"सांभाळून घेऊ, बाई," म्हणाला आणि पायडल मारलं.

सांभाळून घेऊ! हे वाक्य त्या महिन्याभरात मी इतक्यांदा ऐकलं की कुणी म्हटलं की माझ्या कपाळाची शीर उडायची. पालघरला हिराकडे गेले, आमची मुलगी. म्हटलं, "तुझ्या बाबांना डॉक्टरकडे नेऊ या." ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, तू त्यांना सारखी टोकतेस, म्हणून ते गोंधळतात. जरा गप्प बसून बघ ना." म्हणजे दोष माझाच. गप्प बसून बघितलं. त्या आठवड्यात मास्तर आपलंच घर समजून शेजाऱ्यांच्या घरात जाऊन चहाची वाट बघत बसले. त्या बिचाऱ्या शेजारणीनं चहा दिला. नंतर मला कुंपणावरून म्हणाली, "गप्पा मारायला आले होते हो." बघा, तीही सांभाळून घेत होती.

मग मी दादूकडे गेले. तो होडीजवळ जाळं विणत बसला होता.

"दादूभावजी, तुम्ही तरी सांगा त्यांना. या वेळी नको म्हणावं भाषण."

"मी? माजा ऐकल भाऊ?" दादू सुतळी दातानं तोडत म्हणाला. "वयनी, अख्खा महाराष्ट्र भरलाय त्या डोक्यात. मडका काठोकाठ भरला की थोरा सांडनारच."

"थोडं नाही सांडत. मडक्याला चीर गेलीय."

त्यानं मान वर केली नाही. "काय वो तुमी पन. वय झालाय. होते असा."

वय! अठ्ठावन्न. आणि दादूला जे माहीत होतं ते माझ्यापेक्षा जास्तच होतं. मागच्या अमावास्येला मास्तर समुद्रावर फिरायला गेले होते आणि त्यांना हात धरून घरी आणून सोडणारा दादूच होता. "वाटेत भेटले," एवढंच तेव्हा बोलला.

आता मला कुणी विचारेल, तू का नाही सांगितलंस? तू तर बायको. एकदा तोंड उघडलं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलत. मास्तर म्हणाले, "तुमच्या एडवणला माड जास्त होते नाही?"

एडवण! मी पालघरकडच्या त्या एडवणला कधी दोन रात्री राहिलेली नाही. पंचवीस वर्षं ज्या माहेरावरून हा माणूस हॉल हसवत होता, ते माहेरच हरवून बसला होता. मी म्हणायला गेले, अहो... आणि त्यांनी इतक्या प्रेमानं माझ्याकडे बघितलं, की मी म्हटलं, "हो, बरेच होते." आणि कावळ्याला चप्पल फेकून मारली. त्याची काही चूक नव्हती.

एक मे आला. वाचनालयाचा हॉल खच्चून भरलेला. पुढं कारखान्यांतले साहेब, इंजिनिअर, त्यांच्या बायका, मधे शिक्षक, कडेला उत्तरेकडून आलेले कामगार, भाषण समजो न समजो, पंखा होता म्हणून. शेवटच्या दोन रांगा आमच्या लोकांनी भरलेल्या. दादू इस्त्रीचा सदरा घालून. होड्या सोडून सगळे आलेले, मास्तरांचा मान म्हणून. मी पहिल्या रांगेत. पेला मांडीवर.

सुरुवात छान झाली. लोणार झालं. धवलेरी झाली, टाळ्या पडल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग मास्तर म्हणाले, "गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, आणि शंभर किलोमीटरही न जाता आपल्या या समुद्राला मिळते."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. शिक्षकांनीसुद्धा! माणसानं आश्चर्य ऐकायला यायचं ठरवलं की त्याला काहीही चालतं. ज्यांना चूक कळली त्यांनी दुप्पट जोरात वाजवल्या. प्रताप तर उभा राहून. मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. एवढी मोठी नदी वळवून टाकली आणि एक माणूस हूं की चूं करत नाही. मी पेला पुढं केला. मास्तर प्यायले, आणि खुशीत येऊन म्हणाले, "आता एक जादू. आमच्या कोळीवाड्याची. कुठलीही तिथी सांगा. मी घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतो."

ही गंमत ते कधीमधीच करत. गणित सोपं: तिथीची पाऊणपट. आमच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या रांगेतले एक इंजिनिअर, मूळचे नागपूरकडचे, उत्साहानं म्हणाले, "चतुर्थी!"

चारची पाऊणपट. तीन. तीन वाजता भरती.

मास्तरांनी बोटं मोजली. परत मोजली. मी ओठांनी 'तीन' केलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"दहा," मास्तर म्हणाले. "दहा वाजता पूर्ण भरती."

"अरे वा!" इंजिनिअर मागं वळले. "मागे सगळे दर्यावर्दी बसलेत. काय हो, बरोबर?"

शेवटच्या दोन रांगा. जन्मभर ज्यांच्या पोटाची वेळ त्या पाण्यावर ठरली, ती माणसं. कुणी पायांकडे बघत होतं, कुणी टोपी काढून परत घालत होतं. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मग दादूचा आवाज आला.

"बरोबर, भाऊ."

लगेच सगळ्या माना डोलल्या. बरोबर, बरोबर. पुढचे टाळ्या वाजवायला लागले.

मास्तरांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. ते दादूकडे बघत होते, शाळेत कॉपी करणाऱ्याकडे बघत तसे.

"दादू, उभा राहा."

पन्नाशीचा दादू उभा राहिला.

"चतुर्थीला आपण शाळेत कसं जायचो रे?"

"...खाडीतून, भाऊ."

"होडीनं?"

"चालत."

"चपला कुठं असायच्या?"

"हातात."

"दहा वाजता." मास्तर हळू बोलत होते, एकेक पाऊल चिखलात टाकून बघावं तसे. "गुडघाभर चिखल. तू रडायचास, मी तुला पाठुंगळी घ्यायचो. दहाला खाडीत पाणी नसतं दादू. चिखल असतो."

"व्हय."

"मग मी दहा कसं म्हणालो?"

प्रताप माईककडे निघाला होता, सांभाळून घ्यायला, तो अर्ध्या वाटेत थांबला. मी उठून उभी राहिले होते, पेला हातात, आणि मला पुढं जावं की मागं, समजत नव्हतं.

"आणि तू बरोबर का म्हणालास?" मास्तरांचा आवाज चढला. "जन्म पाण्यात गेला तुझा. कुणी परक्यानं दहा म्हटलं असतं तर हसला असतास त्याला. मला का नाही हसलास? हे सगळे का नाही हसले?"

दादूनं समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"तू इसराया लागलास, भाऊ," तो म्हणाला. "म्हनून. सगल्यांना म्हायत हाय. वयनीला पन."