पाटीवर नसलेले नाव

रोम शहरी, १९९७ सालच्या नोव्हेंबरातील दुसऱ्या रविवारी, दिवंगत अभिनेत्री फ्लाविया दोरेंती यांच्या स्मरणार्थ भरलेल्या प्रदर्शनातून, काचेच्या पेटीआडून मी हे निवेदन करीत आहे.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्याखालच्या पितळी पाटीवर कोरले आहे : ‘याच माइकसमोर फ्लावियाने आपले अमर संवाद उच्चारले.’ हे विधान असत्य आहे. ती माझ्यासमोर एकदाही उभी राहिली नाही.

आमच्याकडे त्या काळी चित्रपटाचे चित्रीकरण आवाजाविना करीत आणि आवाज मागाहून भरत. चेहरा एकीचा, वाणी दुसरीची; यात कुणाला काही वावगे वाटत नसे. फ्लावियाला संवाद पाठ होत नसत. कॅमेऱ्यापुढे ती नुसते आकडे म्हणे. बत्तीस, तेहेतीस म्हणताना तिचे डोळे असे भरून येत, की दिग्दर्शकही मान फिरवी. ते अश्रू तिचेच; त्यांचे श्रेय मी दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही. परंतु त्या आकड्यांच्या जागी जे शब्द बसले, ते एर्सिलिया फान्तोनीच्या मुखातले. अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरच्या ओठांवर नजर रोखून, ती माझ्यापाशी बोले. तिचा श्वास माझ्या जाळीला अजून ओळखता येतो. श्रेयनामावलीत मात्र तिचे नाव कधी आले नाही.

पुढे नवी यंत्रे आली आणि मी अडगळीत गेलो. या एप्रिलात फ्लाविया वारली. चर्चमधून शवपेटी बाहेर आली तेव्हा कर्ण्यावरून तिचा चित्रपटातला गाजलेला निरोपाचा संवाद ऐकवला गेला, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे साऱ्या चौकाने रडत रडत टाळ्या वाजवल्या, असे म्हणतात. त्यानंतरच माझी आठवण झाली. आता मला रोज मऊ फडक्याने पुसतात. मित्रांनो, वस्तूची एवढी निगा राखणाऱ्यांना एका माणसाचे नाव जपणे जड का जावे?

आज एर्सिलिया आली, काठी टेकत. पाटी वाचून तिने व्यवस्थापक पिएरलुइजीला हाक मारली.

“अरे बाळा, हे चुकलंय. इथे मी बोलायची. खाली माझं नाव घालशील? बारीक अक्षरात चालेल.”

“आजी, तुमचं खरंही असेल,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “पण लोक फ्लावियाला भेटायला येतात हो. मेल्यावर तिची वाचा काढून घ्यायची का आता?”

“आणि माझी घेतलीत ती? मी तर अजून जिवंत आहे! थांब, बोलूनच दाखवते. लोकांना ठरवू दे.”

ती काचेपाशी वाकली आणि तोच निरोपाचा संवाद म्हणू लागली. “जा. पण दार ओढून घेऊ नकोस. जिन्यावरची तुझी... पावलं ऐकायची आहेत मला.”

आवाज थकला होता. पण ‘पावलं’ या शब्दाआधीचा तो विराम तसाच होता. मी आतून थरारलो.

मागे फुले घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने मान तिरकी करून सारे नीट ऐकले. मग ती हसली.

“नक्कल बरी करता हो आजी,” ती म्हणाली, “पण फ्लावियाची सर नाही.”