मनस्वीच्या हातांचा कौल

आजाराला साक्षीदार लागतो. साक्षीदार नसेल तर आजार खोटा आणि आई वेडी. नेरूळच्या त्या जुन्या सिडको बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अरुणाला एवढं एक वाक्य शिकायला वर्ष लागलं.

तिची मनस्वी नऊ वर्षांची. मागच्या पावसाळ्यात पोरीचा घसा धरला, ताप आला आणि गेला. सुटलो म्हणेपर्यंत एका सकाळी दुसरीच पोरगी झोपेतून उठली. सारखे डोळे मिचकावतेय, हात धुऊन धुऊन सालपटं काढतेय, प्रत्येक दाराच्या चौकटीला बोट लावल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही, आणि आई संडासात गेली तरी बाहेर रडत बसते. वाशीच्या एका बालरोगतज्ज्ञाने त्याला पॅन्डास हे नाव दिलं. घशातल्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज वाट चुकते आणि थेट मेंदूवर चाल करून जाते, असं तो म्हणाला. औषधाने पोरगी बरीच सावरली.

मग अंगाने डोकं वर काढलं. फिनेलचा वास आला की गाल लालबुंद. उन्हात उभी राहिली की पोटात कळा. दप्तराचा पट्टा रुतला की तिथे करंगळीएवढ्या जाड गांधी. "मास्ट सेल म्हणून पेशी असतात, शरीराच्या पहारेकरी," तोच डॉक्टर म्हणाला. "काही पोरांत त्या बिथरतात. पाहुण्यालाही चोर समजून घंटा बडवतात. हिचं तेच असेल, पण अंगावर उठलेलं असताना कुणीतरी बघायला हवं, आणि रक्तही तेव्हाच घ्यायला हवं."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. रिक्षा मिळेपर्यंत, नंबर लागेपर्यंत पोरीचं अंग धुतल्या पाटीसारखं कोरं. फोटो दाखवले तर त्वचेचा डॉक्टर म्हणाला, मनाचं आहे. मनाचा म्हणाला, त्वचेचं आहे. पोटाच्या डॉक्टरने मनस्वीकडे बघून डोळा मारला आणि विचारलं, "शाळा आवडत नाही ना?" रबाळ्याच्या कारखान्यातून थकून आलेला नवरा प्रीतम म्हणायचा, "तू मोबाइलवर जरा कमी वाच." एवढी शिकलेली माणसं, आणि सगळ्यांचं निदान एकच: आई.

अरुणा सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर यांच्याकडे गेली. "भाऊ, जिन्यात फिनेल नका मारू. पोरीला सोसत नाही."

"वहिनी, एका पोरीसाठी अख्खी सोसायटी घाणीत ठेवू का? पेपर आहे का डॉक्टरचा?"

पेपर नव्हता. जिना फिनेलने चकाकत राहिला, आणि मनस्वी तोंडाला ओढणी बांधून धावत खाली उतरत राहिली.

आता तळमजल्यावरची भागीरथी आजी ऐका. इथल्याच मूळ गावची आगरी बाई. जमीन सिडकोत गेली, देव तेवढे हातात राहिले. तिच्या गावदेवीला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आजीने आयुष्यातला एकही निर्णय पाकळीला विचारल्याशिवाय घेतला नव्हता.

लिफ्ट महिनाभर बंद होती. शाळेतून आलेली मनस्वी लिफ्टच्या दाराला बोट लावून उभी होती, दप्तर उजव्या खांद्यावर. आजी वैतागून म्हणाली, "काय गो पोरी, चालू होल का ही कवा?"

मनस्वीचा उजवा दंड टरारून फुगला. संध्याकाळी लिफ्ट चालू झाली.

"पट्टा रुतला होता, आजी!" अरुणा जीव तोडून सांगत होती.

"तुना काय कललं? पोर उंबऱ्याच्या पाया परते, कोनाचा हात लागलेला चालत नाय, वास चालत नाय. ही पोर नाय, देवी हाय."

एक वर्ष अरुणा पुरावे घेऊन फिरत होती तेव्हा एकाचाही विश्वास बसला नाही. देवीवर दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगीचा बसला. दुसऱ्या मजल्यावरची जाईबाई सुनेचं विचारून गेली. इंजिनियर झालेला पार्थ व्हिसाचं विचारायला आला. मनस्वी म्हणायची, "काका, मी देवी नाही. मला खाज येते." पार्थ हात जोडून म्हणायचा, "बघा ना, किती साधेपणा."

अरुणाने लोकांना हाकललं. पण खरं ते सांगायलाच हवं: एक गोष्ट तिने केली नाही. भागीरथी आजीने "देवीला फिनेल चालत नाय" असा हुकूम सोडला आणि दुसऱ्या दिवशी जिना साध्या पाण्याने धुतला गेला, तेव्हा अरुणा गप्प बसली. अगरबत्त्या विझल्या. सेंट मारून लिफ्टमध्ये शिरणाऱ्याला लोक खाली उतरवायला लागले. मनस्वी रात्रभर झोपायला लागली. ओढणी सुटली. कितीतरी दिवसांनी ती जिन्यात गाणं म्हणत उतरली, चौकटीला बोटही विसरून. आईने काय करायचं? खरं बोलून पोरीचा श्वास परत फिनेलमध्ये बुडवायचा?

आणि मग रिडेव्हलपमेंट आली. बिल्डिंग पाडायची, टॉवर बांधायचा. निम्मे होय, निम्मे नाही. तीन मीटिंगांत दोन खुर्च्या मोडल्या. कमळाकर हात चोळत तिसऱ्या मजल्यावर आले.

"वहिनी, रविवारी पार्किंगमध्ये सभा आहे. देवीने कौल द्यावा. पाच मिनिटांचं काम."

"भाऊ, तिचं अंग आहे ते. मतपेटी नाही."

"तुमची मर्जी." कमळाकर उठले. "मग देवीबिवी काही नाही म्हणायचं. सोमवारपासून फिनेल चालू करतो."

रविवारी मनस्वी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. प्रीतमची कारखान्यात पाळी होती. अरुणाने निक्षून सांगितलं होतं, फुलं नाहीत, वास नाही. सगळे माना डोलावून हो म्हणाले होते. पण बिल्डरचा माणूस केतन, त्याला कोण सांगणार? तो मोगऱ्याचा हार घेऊन आला, अत्तराने निथळत. देवी म्हटल्यावर हार नको? अरुणा पुढे धावली, तोवर हार पोरीच्या गळ्यात.

"बोल माये," कमळाकर हात जोडून म्हणाले, "टॉवर होय की नाही?"

आधी उजव्या हातावर गांधी उठल्या. होयवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मग डाव्यावर उठल्या. नाहीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

"आधी उजवा!"

"पण डावा मोठा! एरिया बघा ना एरिया!"

"कार्पेट की बिल्टअप?" मागून कुणीतरी विचारलं.

तोवर मान लाल झाली. ओठ सुजले. डोळ्यांच्या फटी उरल्या. खजिनदार धर्मराज चष्मा पुसत उठले, "मुद्दा असा, की मानेचा कौल कुणाच्या बाजूने धरायचा?"

"आई," मनस्वी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घसा बंद होतोय."

अरुणाने हार तोडून फेकला. "गाडी काढा कुणीतरी! दवाखान्यात न्यायचंय!"

कुणी हललं नाही. "वहिनी, कौल अर्धा मोडू नका," कमळाकर कुजबुजले. "कोप होतो."

भोवती चाळीस माणसं. खिशात गाड्यांच्या किल्ल्या, हातात शूटिंग करणारे मोबाइल, आणि मध्ये गुदमरणारं पोर. आई म्हणून कितीही ओरडली असती तरी त्यातला एक हलला नसता. अरुणाला ते लख्ख कळलं. तिने अंबाड्याची पिन उपटली, केस मोकळे सोडले, डोळे फिरवले आणि घुमायला लागली. साताऱ्याच्या माहेरी लहानपणी बघितलेलं सगळं अंगात गोळा करून गरजली, "मला दवाखान्यात न्या! आत्ता न्या! नाहीतर एकेकाचा निर्वंश करीन!"

काय बिशाद होती कुणाची! खुर्ची उचलली गेली. एका पायाला केतन, एकाला पार्थ, एकाला कमळाकर, चौथ्याला बायपास झालेले धर्मराज. "पालखी निंगाली, वाट सोरा!" भागीरथी आजी पुढे. होयवाले आणि नाहीवाले एका सुरात जयघोष करत अनवाणी रस्त्यावर उतरले. सिग्नलवरच्या हवालदाराने टोपी काढून बस थांबवली. बसमधल्या माणसांनी खिडकीतून हात जोडले. सायरन वाजवणाऱ्या अँब्युलन्सला जो रस्ता कधी वाट देत नाही, तो दोन्ही बाजूंनी दुभंगला.

दवाखान्याच्या इमर्जन्सीत अबोली नावाची तरुण डॉक्टर ड्यूटीवर होती. खुर्ची टेकायच्या आत तिने मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. श्वास मोकळा होईपर्यंत अरुणा भिंतीला धरून उभी होती, केस तसेच मोकळे. मग डॉक्टरने त्याच वेळी, गांधी अंगावर ताज्या असताना, रक्त घेतलं.

"एवढी मोठी रिॲक्शन! हिला आधी का नाही आणलंत?"

"आणलं होतं," अरुणा म्हणाली. "तेव्हा नुसती पोरगी होती. देवी नव्हती."

डॉक्टरने अरुणाच्या मोबाइलवरची पॅन्डासची जुनी फाइल वाचली, मास्ट सेलच्या तपासण्या लिहून दिल्या. नक्की काय ते रिपोर्ट आल्यावर म्हणाली. पण कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहिलं: तीव्र ॲलर्जिक रिॲक्शन, धूर, फिनेल, तीव्र वास टाळावेत.

"म्हणजे मी खरंच आजारी आहे?" मनस्वीने विचारलं.

"खरंच," डॉक्टर म्हणाली.

सुजलेल्या तोंडाने पोरगी अशी हसली की वर्गात पहिली आलेली पोरही तशी हसणार नाही. आपण आजारी आहोत हे ऐकून इतकं खूश झालेलं मूल अरुणाने पाहिलं नव्हतं. तिने पोरीचा माथा हुंगला, मग आपले केस वर घेऊन नीट अंबाडा घातला. संपलं देवपण. पेपर आला.

दारातून कमळाकर डोकावले. पाय धुळीने माखलेले, हात जोडलेले. अरुणाने कागद त्यांच्या हातात ठेवला. "घ्या भाऊ. मागत होतात ना? डॉक्टरचा पेपर."

कमळाकरांनी तो वाचला. उलटून मागून बघितला. घडी घालून परत दिला.

"डॉक्टरचं ठीक आहे, वहिनी. डॉक्टर काय, लिहितात," आवाज खाली आणून ते म्हणाले. "पण सोसायटी विचारतेय, फिनेलबद्दल देवीचं काय म्हणणं आहे?"

अरुणाने हातातल्या कागदाकडे बघितलं. मग पोरीकडे. मनस्वीने ऑक्सिजनचा मास्क थोडा बाजूला केला.

"आई," ती हळूच म्हणाली, "मोठ्याने ओरड हं."

अरुणाचा हात अंबाड्याच्या पिनेकडे गेला.