मागच्या मागे उघडलेला बोगदा

जाड्याने पाइप पहिल्यांदा घातला तो दादाच्या गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज सर्व्हरच्या खोलीतल्या घरघरीतही ऐकू आला.

"आता तरी रस्ता करतोस?" त्याने धाकट्याला विचारलं.

धाकटा तिथल्या सर्व्हरची देखभाल करायचा. एका खुनाच्या साक्षीदार बाईला पोलिसांनी कुठे लपवलंय, तो जाड्याला हवा असलेला पत्ता आतल्या सर्व्हरवर होता. तिथे थेट जाता येत नसे. मधले दोन सर्व्हर ओलांडून आतपर्यंत जोडणीचा बोगदा काढावा लागे. दादा बिचारा धाकट्याचा विसरलेला चष्मा द्यायला आला आणि हकनाक सापडला.

परकी बाई एकीकडे, सख्खा भाऊ एकीकडे. धाकट्याने फार विचार केला नाही. डावा हात खुर्चीला बांधलेला होता, उजव्याने त्याने लॅपटॉपवर कमांड लिहिली आणि बोगदा बॅकग्राउंडला, पडद्यामागे चालू राहील असा, सोडला. कर्सर खालच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहिला.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं? काहीच तर आलं नाही."

"काही येतच नाही. बिघडलं तरच ओरडतं. थांब, पत्ता दाखवतो."

पण जाड्याला आजवर जो तो 'झालं, झालं' म्हणतच टोपी घालत आला होता. "मला शेंड्या लावतोस?"

"अरे, तो खरं बोलतोय," दादा एवढंच म्हणाला. पाइप त्याच्या डोक्यात बसला, मग आणखी एकदा. कीबोर्डवर रक्त उडालं.

"परत कर," जाड्या धापा टाकत म्हणाला.

धाकट्याने रडत तीच कमांड पुन्हा दिली. या वेळी पडद्यावर भराभर ओळी उमटल्या. जाड्याचा चेहरा खुलला.

"बघ. मार खाल्ल्याशिवाय तुम्ही लोक सरळ होत नाही. आता लागला ना?"

"मघाशीच लागला होता. बोगदा आधीच उघडा आहे, अशी तक्रार आहे ही."

जाड्या जरा गडबडला. "बरं, पत्ता काढ. नाहीतर याला..." म्हणत त्याने खाली पाहिलं. दादाची छाती हलत नव्हती.

धाकट्यानेही ते पाहिलं. ज्याच्यासाठी तो त्या बाईला विकायला निघाला होता, तोच गेला होता. त्याच्या अंगाचा भडका उडाला. त्याने मोकळ्या हाताने लॅपटॉप उचलला आणि तुकडे होईपर्यंत टेबलाच्या कडेवर आपटला. आत जायची किल्ली फक्त त्यातच होती.

जाड्या पाइप घेऊन त्याच्यावर धावला.

"मार," धाकटा म्हणाला. "मला वाकवायला आता तुझ्याकडे कोणी उरलं नाही."